खेळाला मिळालेले सहासष्ट गुण

मुलांच्या व्हिडिओ गेमविषयी आपल्या घरांतून एकच मत ऐकू येते. डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, वेळ जातो. यात खोटे काही नाही, आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला आज वेगळ्या बाजूने लिहायचे आहे. एखादा खेळ चांगला की वाईट हे कोण ठरवतो, ते कसे ठरवले जाते, आणि आपली मुले तो निकाल किती मुकाट्याने मान्य करतात, हा माझा विषय आहे. आई-वडिलांना वाटेल, खेळाच्या परीक्षणाशी आपला काय संबंध? संबंध आहे. निकाल मान्य करण्याची सवय एकदा लागली की ती खेळापुरती राहत नाही.

मी एका पतसंस्थेत कारकून आहे. बी.कॉम. झाल्यापासून खतावणी, व्याजाचे तक्ते आणि पगारपत्रक यांतच दिवस जातो. संध्याकाळी सातनंतर वस्तीतल्या अभ्यासिकेत बसतो. दहावी-बारावीची मुले येतात, स्पर्धा परीक्षेची येतात, आणि दिवसभर कामाला जाणारी दोन-चार मोठी पोरेही येतात. अभ्यासिकेत एक कॉम्प्युटर आहे. एका ऑफिसने भंगारात काढलेला आम्ही आणला आणि पोरांनी लॅमिंग्टन रोडवरून जुने सुटे भाग आणून तो उभा केला. रात्री नऊपर्यंत त्यावर फक्त अभ्यास. नऊनंतर अर्धा-पाऊण तास मोठ्या मुलांना खेळायची मुभा आहे. कॉम्प्युटर जुना, म्हणून खेळही जुनेच चालतात. नवीन खेळ त्याला पेलत नाहीत.

कुरिअर कंपनीत पार्सल पोहोचवणारा एक मुलगा असाच एक जुना खेळ सवलतीत स्वस्तात घेऊन खेळत होता. खेळाचे नाव ‘द ब्युरो: एक्सकॉम डिक्लासिफाइड’. दिवसभर दुचाकीवर फिरून आलेला हा मुलगा रोज थोडा थोडा खेळायचा आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना गोष्ट सांगायचा. एका रात्री बारावीतल्या एका हुशार मुलाने मोबाईल काढला, त्या खेळाचे नाव टाकले आणि म्हणाला, “दादा, याला फक्त सहासष्ट मिळालेत. फालतू गेम आहे.” मोठा म्हणाला, “तू खेळलास का?” त्यावर उत्तर आले, “खेळायची काय गरज? इथं लिहिलंय ना.”

मोठा मुलगा गप्प बसला. पुढचे आठ दिवस त्याने त्या खेळाविषयी कुणाला काही सांगितले नाही. जवळजवळ शेवटापर्यंत खेळलेला तो एकटाच होता, पण त्याच्याच तोंडाला कुलूप लागले. मला हे बरे वाटले नाही. भांडण झाले असते तर चालले असते. सहासष्ट या आकड्यापुढे त्याला स्वतःचे म्हणणे मांडताच आले नाही, याचे वाईट वाटले. मग आकडा म्हटल्यावर माझ्यातला कारकून जागा झाला. हे सहासष्ट आले कुठून, हे मी शोधायला घेतले.

आधी खेळ काय आहे ते सांगतो. काळ १९६२ चा, देश अमेरिका. परग्रहावरून आलेले हल्लेखोर गावोगाव उतरले आहेत. सरकारचे एक गुप्त खाते त्यांच्याशी लढते आणि ही गोष्ट जनतेला कळू देत नाही. विल्यम कार्टर हा त्या खात्याचा माणूस, सूट आणि हॅट घातलेला. त्याच्या सोबत दोन साथीदार असतात. नुसते बंदूक रोखून धावत सुटलात तर लगेच मरता. एक बटण दाबले की काळ अगदी मंद होतो, पडद्यावर हुकमांचे चक्र उघडते, आणि एकाला डावीकडून जायला, दुसऱ्याला आडोशाला बसून गोळीबार करायला सांगता येते. साथीदार पडला आणि वेळेत त्याच्यापर्यंत पोहोचला नाहीत, तर तो कायमचा गेला. पुढच्या मोहिमेत तो नसतो, त्याच्या जागी नवा माणूस घ्यावा लागतो. म्हणजे बंदुकीचा खेळ खरा, पण त्यात डोके चालवावे लागते.

हा खेळ ऑगस्ट २०१३ मध्ये बाजारात आला. पण त्याच्यावरचा राग त्याआधी तीन वर्षांपासून साठलेला होता. त्याचे कारण समजायला मागे, १९९४ सालात जावे लागते.

१९९४ साली इंग्लंडमध्ये ज्युलियन गोलॉप आणि त्याचा भाऊ निक यांच्या छोट्याशा कंपनीने ‘युएफओ: एनिमी अननोन’ नावाचा खेळ बनवला. अमेरिकेत तो ‘एक्स-कॉम’ या नावाने विकला गेला. विषय हाच, परग्रहवासीयांची स्वारी. पण खेळायची रीत बुद्धिबळासारखी होती. एक पाळी तुमची, एक शत्रूची. घाई नाही. प्रत्येक शिपायाला किती पावले टाकता येतील, गोळी लागण्याची शक्यता किती टक्के, याचा हिशोब करून चाल करायची. लढाई संपली की तळावर यायचे. तिथे पैसा मोजायचा, शास्त्रज्ञांना कामाला लावायचे, नवीन खोल्या बांधायच्या. शिपायांना हवी ती नावे देता येत. लोक आपल्या भावाचे, मित्राचे नाव द्यायचे. तो शिपाई मेला की मेला. पंधरा मोहिमांतून वाचलेला, तुमच्या मित्राच्या नावाचा माणूस अंधारातून आलेल्या एका गोळीने पडला, की खेळणाऱ्याला खरोखरच चुटपूट लागायची. म्हणून या खेळाचे चाहते त्याला वीस-वीस वर्षे विसरले नाहीत.

पुढे त्या नावाचे हक्क हात बदलत बदलत अमेरिकेतल्या टेक-टू या मोठ्या कंपनीकडे आले. तिच्या टू-के या शाखेने एप्रिल २०१० मध्ये जाहीर केले की ‘एक्सकॉम’ पुन्हा येत आहे. जुने चाहते आनंदले. पण खेळाचे रूप समोर आले तेव्हा तो सरळसरळ बंदुकीचा खेळ निघाला. पाळी नाही, तळाचा तो जुना हिशोब नाही, ओळखीचे शत्रू नाहीत. चाहत्यांचे म्हणणे असे पडले की, तुम्हाला नवीन खेळ करायचा तर खुशाल करा, पण आमच्या आवडत्या खेळाचे नाव त्याला कशाला लावता? नाव पाहून आम्ही पैसे टाकणार आणि आत भलतेच निघणार.

२०११ साली टू-के चे तेव्हाचे प्रमुख क्रिस्टॉफ हार्टमन यांनी यावर उत्तर दिले. डावपेचांचे खेळ आजच्या काळाचे राहिलेले नाहीत, अशा अर्थाचे ते बोलले. दाखला दिला गायक रे चार्ल्स यांचा. ते आज असते तर त्यांनीही कान्ये वेस्टच्या धर्तीवर गाणे केले असते, असे त्यांचे म्हणणे. या विधानाने आगीत तेल पडले. रे चार्ल्सचे गाणे जसेच्या तसे ऐकणारे लोक जगात अजून आहेत, हे त्या साहेबांच्या लक्षात आले नसावे.

पुढची हकीकत तर आणखी गमतीची आहे. त्याच टू-के ने जानेवारी २०१२ मध्ये दुसरा एक खेळ जाहीर केला. फिरॅक्सिस नावाच्या संस्थेत जेक सॉलोमन यांच्या नेतृत्वाखाली तो तयार होत होता. त्याचे नाव ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’. पाळीपाळीने खेळायचा, जुन्या रीतीचा, तळ सांभाळायचा, मेलेल्या शिपायांची नावे भिंतीवर लागणारा. ऑक्टोबर २०१२ मध्ये तो आला आणि समीक्षक व खेळणारे दोघांनीही त्याला डोक्यावर घेतले. शंभरपैकी नव्वदच्या घरात त्याची सरासरी गेली. डावपेचांचे खेळ कालबाह्य झाले, हे म्हणणे त्याच कंपनीच्या दुसऱ्या खेळाने खोटे पाडले.

इकडे पहिल्या खेळाचे काम अजून चालूच होते. त्याचे रूप बदलले, काळ बदलला, डोळ्यांच्या जागी असलेला कॅमेरा नायकाच्या पाठीमागे गेला, साथीदारांना हुकूम देण्याची सोय वाढली. एप्रिल २०१३ मध्ये नावही बदलून ‘द ब्युरो’ झाले. एक्सकॉम हे शब्द नावात मागे सरकले, पण राहिले. म्हणजे ऑगस्टमध्ये हा खेळ दुकानात आला तेव्हा दहा महिन्यांपूर्वीच त्याच्या धाकट्या भावाने वर्गात पहिला नंबर काढलेला होता, आणि थोरल्याची तुलना त्याच्याशी होणार हे ठरलेलेच होते. आपल्याकडे घरोघरी असे होते. धाकट्याला नव्वद मिळाले की थोरल्याचे सहासष्ट फुकट जातात.

समीक्षकांनी काय लिहिले? बरेचसे एकाच सुरात बोलले. १९६२ चे वातावरण, कपडे, गावे, गाड्या यांचे कौतुक झाले. काळ मंद करून हुकूम देण्याची पद्धत अनेकांना आवडली. शेवटाकडे कथेला जे वळण मिळते त्याचीही दखल घेतली गेली. (ज्यांना खेळायचा आहे त्यांनी पुढच्या दोन ओळी सोडाव्यात. कार्टरला आतून चालवणारी शक्ती वेगळीच आहे असे निघते, आणि कार्टर तिच्याविरुद्ध, म्हणजे एका अर्थी खेळणाऱ्याविरुद्धच उभा राहतो.) दोष सांगितले ते असे की साथीदारांना स्वतःची अक्कल नाही, हुकूम दिला नाही तर ते उघड्यावर जाऊन मरतात, लढाया एकसारख्या वाटतात, पात्रे फिकी आहेत, आणि एक्सकॉमच्या नावाला साजेसा तळाचा कारभार यात नाही. कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीची सरासरी सहासष्टच्या आसपास राहिली.

हे सगळे वाचल्यावर मला पहिली गोष्ट जाणवली ती ही की, दोषांमधला एक मोठा भाग तुलनेचा होता. साथीदार मूर्ख आहेत हा खेळाचा दोष. पण हा एक्सकॉमसारखा नाही, हा दोष एक्सकॉम कधीच न खेळलेल्या कुरिअरच्या पोराला कुठून दिसणार? त्याने १९९४ चा खेळ पाहिलेला नाही. तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता. त्याला हा खेळ जसा आहे तसा भेटला. जुन्या चाहत्यांचा राग मला पटतो. नाव ही साधी गोष्ट नसते, आणि दुसऱ्याच्या मेहनतीने कमावलेले नाव वापरून माल विकला तर ग्राहकाने जाब विचारावा. पण तो जाब कंपनीला आहे. त्या जाबाचे गुण कापून जो आकडा उरतो, तो आपल्या पोराने आपल्या आवडीला लावण्याचे कारण नाही.

आता आकड्याकडे येतो. हा आकडा मेटाक्रिटिक नावाच्या ठिकाणी मिळतो. २००१ साली सुरू झालेली ही व्यवस्था निरनिराळ्या नियतकालिकांची परीक्षणे जमवते, प्रत्येकाचे गुण शंभरपैकी करून घेते आणि सरासरी काढते. सरासरी म्हटले की मी खडू घेतला आणि अभ्यासिकेच्या फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. पहिल्या ओळीत ६६, ६६, ६६. दुसऱ्या ओळीत ४०, ६०, ९८. मुलांना म्हटले, सरासरी काढा. दोन्हीची ६६ आली. मग विचारले, “पहिल्या खेळाविषयी काय सांगाल?” मुले म्हणाली, “सगळ्यांना ठीकठाक वाटला.” “आणि दुसऱ्याविषयी?” थोडा वेळ कुणी बोलेना. मग नववीतली एक मुलगी म्हणाली, “काका, दुसरा एकाला लय आवडलाय आणि एकाला अजिबात नाही.” मी म्हटले, “मग दोन्ही खेळ सारखेच का?” ती म्हणाली, “नाही, पण आकडा सारखा आहे.” बी.कॉम.च्या तीन वर्षांत सरासरीविषयी जे शिकलो ते त्या पोरीने एका वाक्यात सांगितले.

दुसरी गोष्ट. ही साधी सरासरी नाही. भारित सरासरी आहे, म्हणजे काही नियतकालिकांच्या मताला जास्त वजन दिले जाते आणि काहींच्या मताला कमी. कुणाला किती वजन, हे मेटाक्रिटिक उघड करत नाही. माझ्या पतसंस्थेत मी असा तक्ता लावला आणि वजने सांगणार नाही म्हटले, तर ऑडिटर मला खुर्चीवरून उठवेल.

तिसरी गोष्ट पाहून मी चकितच झालो. मेटाक्रिटिकवर खेळाला ७५ किंवा त्यावर गुण असतील तर हिरवा रंग मिळतो, ५० ते ७४ असतील तर पिवळा, त्याखाली लाल. पण चित्रपटांना मात्र ६१ पासूनच हिरवा मिळतो. म्हणजे सहासष्ट गुणांचा चित्रपट चांगला आणि सहासष्ट गुणांचा खेळ मध्यम! खेळांच्या परीक्षणात गुण सढळ हाताने देण्याची रीत पडली, म्हणून पट्टीच वर सरकली. आमच्या वस्तीत बारावीला सहासष्ट टक्के पडले तर पेढे वाटतात, आणि वाटायलाच हवेत, कारण ते गुण पत्र्याच्या खोलीत, टीव्ही आणि मिक्सरच्या आवाजात बसून मिळवलेले असतात. पट्टी कुणी धरली आहे हे पाहिल्याशिवाय आकडा वाचू नये, हे मी मुलांना सांगतो ते यासाठीच.

इथवर हा आवडी-निवडीचा मामला वाटेल. पण या आकड्यावर कामगारांची भाकरी अवलंबून असते, हे वाचून मी सावरून बसलो. अमेरिकेत ऑब्सिडियन नावाच्या कंपनीने ‘फॉलआउट: न्यू वेगास’ हा खेळ बनवून दिला. २०१० साली तो आला. विकणारी कंपनी वेगळी, बेथेस्डा. बनवणाऱ्यांना ठरलेली रक्कम मिळायची होती, विक्रीत वाटा नव्हता. मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले तर बोनस मिळणार होता. ही गोष्ट ऑब्सिडियनच्या ख्रिस अव्हेलोन यांनी २०१२ मध्ये स्वतः जाहीरपणे सांगितली. खेळाला गुण मिळाले ८४. एका गुणाने बोनस गेला.

वाचकांनी जरा थांबून विचार करावा. आपल्याकडे कायद्याने किमान ८.३३ टक्के बोनस ठरवला गेला, ते काही कुणाच्या मेहरबानीने झाले नाही. त्यामागे कामगारांचे लढे होते. माल चांगला झाला की नाही हे कुठल्यातरी वर्तमानपत्राच्या परीक्षणावरून ठरेल आणि त्यावर तुमचा बोनस ठरेल, असे गिरणीच्या दारात कुणी सांगितले असते तर काय झाले असते? आणि इथे शिकलेली, कॉम्प्युटरवर काम करणारी माणसे, पगाराने आपल्यापेक्षा कितीतरी वरची, तीही अशा अटीखाली राबतात. ज्या परीक्षकाने एखादा गुण कमी दिला त्याला बिचाऱ्याला हे ठाऊकही नसेल. त्याने प्रामाणिकपणे आपले मत दिले. दोष त्याचा नाही. मताचा आकडा करून त्या आकड्याला पगारपत्रकात बसवणाऱ्याचा आहे.

‘द ब्युरो’ बनवणाऱ्या टू-के मरीनमधूनही, खेळ बाजारात आल्यावर दोनच महिन्यांत, ऑक्टोबर २०१३ मध्ये अनेकांना कमी केल्याच्या बातम्या आल्या. तीन-तीन वेळा रूप बदललेल्या खेळावर त्यांनी वर्षानुवर्षे खपून काम केले होते. बंदुकीचा खेळ करा हेही वरून ठरले, नाव कुठले लावायचे हेही वरून ठरले. चाहत्यांचा राग मात्र ज्यांनी एकेक भिंत, एकेक हॅट चितारली त्यांच्या कामावर निघाला. खेळ फालतू आहे असे मोबाईलवरून वाचून सांगणे फार सोपे असते. तो शब्द कुठवर जाऊन लागतो हे मुलांनी कळून घ्यावे, एवढेच माझे म्हणणे.

तुम्ही म्हणाल, मग समीक्षकांना सोडा, खेळणाऱ्यांचे मत घ्या. तो आपला माणूस, खिशातले पैसे टाकलेला. हेही थोडे तपासून पाहावे लागते. जून २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ हा खेळ आला. तो संपवायला वीस तासांच्या वर लागतात. पण बाजारात आल्या आल्या काही तासांतच हजारो लोकांनी त्याला शून्य गुण देऊन टाकले. खेळून बघायला वेळच मिळालेला नव्हता. कथेविषयी, पात्रांविषयी आधीच ऐकलेल्या गोष्टींचा राग होता, तो गुणांतून काढला. शेवटी मेटाक्रिटिकला नियम करावा लागला की खेळ आल्यावर ३६ तास कुणी खेळणाऱ्याने गुण द्यायचे नाहीत. तेव्हा झुंडीने दिलेला निकाल हाही निकालच. तो खालून आला म्हणून आपोआप न्याय्य होत नाही, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको.

यापेक्षा मला स्टीम या विक्रीच्या ठिकाणची रीत बरी वाटली. तिथे २०१३ च्या नोव्हेंबरपासून खेळणारे आपला अभिप्राय लिहू लागले. शंभरपैकी गुण नाहीत. शिफारस करतो किंवा करत नाही, एवढेच सांगायचे आणि खाली कारण लिहायचे. शिवाय लिहिणारा तो खेळ किती तास खेळला आहे, हे त्याच्या नावाशेजारी दिसते. दहा मिनिटे खेळून शिव्या देणारा आणि चाळीस तास खेळून तक्रार करणारा, दोघे वेगळे ओळखू येतात. दोष याही रीतीत आहेत. टवाळी करणारे, नुसते एक शब्द लिहून जाणारे तिथेही आहेत. पण बोलणाऱ्याने किती पाहिले आहे हे ऐकणाऱ्याला कळते, ही गोष्ट मोलाची आहे.

त्यावरून आम्ही अभ्यासिकेत एक वही ठेवली. दोनशे पानी, साधी. तिच्यात कुणीही, खेळाविषयी असो की ग्रंथालयातल्या पुस्तकाविषयी, अभिप्राय लिहायचा. अटी चार. किती वेळ खेळलो किंवा किती पाने वाचली ते आधी लिहायचे. काय आवडले ते लिहायचे. काय खटकले ते लिहायचे. कोणाला आवडेल असे वाटते ते लिहायचे. गुण द्यायचे नाहीत. आधी मुलांना हे चमत्कारिक वाटले. गुण नाहीत म्हणजे कळणार कसे, असे ते विचारत. मी म्हणालो, वाचून कळेल.

पहिले पान कुरिअरवाल्या मुलाने लिहावे असा मी आग्रह धरला. तो नको नको म्हणत होता. दहावीनंतर हातात पेन फक्त पावतीवर सही घेण्यासाठी धरतो, असे म्हणाला. मी म्हटले, “तुझ्या शब्दांत लिही. शेवटापर्यंत खेळलेला तू एकटाच आहेस.” तीन रात्री त्याने वही घरी नेली आणि चौथ्या रात्री आणून दिली. त्याने लिहिले होते ते त्याच्या परवानगीने देतो:

“सोळा तास खेळलो. सोबतचे दोघे येडे आहेत. सांगितलं नाही तर गोळ्यांसमोर जाऊन उभे राहतात. पण सांगितलं की ऐकतात, म्हणून लक्ष आपल्यालाच ठेवावं लागतं. दोन माणसं मेली माझी. एकाला वाचवता आलं असतं. जुन्या काळातली गावं छान केलीत, रिकाम्या घरात टीव्ही चालूच असतो ते बघून कसंतरी होतं. मधल्या लढाया त्याच त्या आहेत. शेवटी जो धक्का आहे तो मला कुणी आधी सांगितला नाही ते बरं झालं, मी पण सांगणार नाही. ज्याला नुसतं धडाधड मारायचंय त्याने घेऊ नये. दोन माणसं सांभाळून पुढे जायची आवड आहे त्याला आवडेल.”

बारावीच्या मुलाने ते उभ्याने वाचले. मग वही खाली ठेवून म्हणाला, “दादा, दोघांपैकी कोण मेला? आणि वाचवता कसा आला असता?” दोघे कॉम्प्युटरजवळ जाऊन बसले आणि नऊची वेळ झाली की नाही हे विचारायला लागले. घड्याळात पावणेनऊ झाले होते. मी थांबायला सांगितले.

वहीत आता बरीच पाने भरली आहेत. त्यांत सगळेच काही शहाणपणाचे नाही. एकाने क्रिकेटच्या खेळावर चार पाने लिहिली आहेत आणि त्यात आपणच किती धावा काढल्या एवढेच आहे. पण “बेकार” किंवा “एक नंबर” असा एकच शब्द लिहून जाणारे कमी झाले. नववीतल्या त्या मुलीने एका पुस्तकाविषयी लिहिले, “चाळीस पाने वाचली, पुढे जाववेना, पण दोष माझा की पुस्तकाचा हे अजून ठरवलेले नाही.” इतका सावध निकाल मी मोठ्यांकडूनही क्वचित ऐकला आहे.

आई-वडिलांना माझी विनंती एवढीच आहे. मुलगा खेळ खेळत असेल तर त्याला वेळेचे बंधन घाला, ते घालायलाच हवे. पण एखाद्या दिवशी त्याच्याजवळ बसून विचारा की, बाबा रे, यात तुला काय आवडते आणि काय खटकते? तो आधी “भारी आहे” एवढेच म्हणेल. तिथे सोडू नका. का भारी आहे, ते विचारा. कुणाचे ऐकून म्हणतोस की खेळून म्हणतोस, ते विचारा. त्याला नीट सांगता आले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. खेळ, पुस्तक, शाळा, नोकरी, पुढारी, या सगळ्यांविषयी उद्या त्याला असेच आपल्या तोंडाने बोलायचे आहे.

तुमच्या वस्तीत अभ्यासिका असेल तर अशी एक वही ठेवून पाहावी. खर्च दोनशे पानी वहीचा आणि दोरीने बांधलेल्या एका पेनाचा. पेन मात्र बांधूनच ठेवावे. आमची पहिली तीन गेली.